रकाना सहा, रकाना सात

हिरेमठ मॅडमनी पाठकोऱ्या कागदावर चार चौकोन आखले,
नववी, दहावी, अकरावी, बारावी.
म्हणाल्या, "एकच भाषा धरायची, चारी वर्षं.
थोडं फ्रेंच, थोडं जपानी, असलं तिकडच्या कॉलेजात चालत नाही.
त्यांना खोली लागते."

मी टिळकवाडीच्या त्या ऑफिसात टोपी हातात घेऊन
खोलीचा हिशोब करत बसलो.
आमच्याकडं खोल्या दोन.
एकीत भैरवी अभ्यास करते,
दुसरीत आम्ही ताटं न वाजवता जेवतो.

शेजारचे पाटणेकर म्हणाले, संस्कृत घ्या हो परशरामभाऊ,
पैकीच्या पैकी पडतात, टक्का वर जातो.
पोरगी म्हणाली, टक्का नको, जर्मन पाहिजे.
ते शिकवणारं बेळगावात कुणी सापडेना,
पुण्याच्या बाई फोनवर, रात्री साडेआठला,
फी म्हणजे माझ्या रविवारच्या सगळ्या जादा पाळ्या.

उद्यमबागेत माझ्या लेथवर एक पितळी पट्टी आहे.
बावीस वर्षं ती पुसतोय,
खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहतोय.
अक्षरं ओळखीची, तोंडवळ्यासारखी,
नाव मात्र कधी विचारलं नाही.
क्लास सुरू होऊन तीन आठवडे झाले असतील,
भैरवीनं फोटो मोठा करून वाचलं:
"चालू असताना झाकण उघडू नये."
मी डावी करंगळी मुठीत घेतली.
ती अर्धीच आहे.
इतकी वर्षं सांगत होतो, लोखंडाची चूक.

आता बारावी. फॉर्मची शेवटची रात्र.
रकाना सात, परकीय भाषा: जर्मन, चार वर्षं, सलग.
हा भरून झाला.
अडलंय ते सहाव्यात.
घरी बोलली जाणारी भाषा. एकच लिहायची.

घरी म्हणजे कुठपर्यंत?
माझी मराठी.
हिची आई लोंढ्याची, दूध उतू गेलं की कोकणीत चिडते.
दारात ईरण्णा उभा राहतो, मी म्हणतो, "नाळे कोडतीनि,"
आणि तो मला मराठीत म्हणतो, "उद्या नक्की की हो."
दस्तगीरशी फोनवर हिंदी,
कुठल्या पुस्तकात न मिळणारी.

"बाबा, कन्नड परकीय धरतात काय?"

ज्या प्रश्नापायी माझे चुलते
हिंडलग्याच्या जेलात तीन आठवडे बसून आले,
जो अजून दिल्लीच्या कोर्टात तारखा खातोय,
तो हिनं पेनचं टोपण चावत विचारला.
मी म्हणालो, ईरण्णाला विचार, तो मराठीला काय धरतो.
ती हसली. मी हसलो नाही. मग हसलो.

मुलाखतीची तालीम मघाशी झाली.
आरशासमोर ती भराभर काहीतरी बोलत होती,
मला त्यातलं एवढंच कळलं, फाटर,
म्हणजे मी.
पुढं माझं काय झालं, ते कळलं नाही.
विचारायचं राहून गेलं.

साडेअकरा वाजले.
सहाव्या रकान्यात रेघ लुकलुकतेय.
आतून आई ओरडली,
"अजून काय करालैस गं? जेवाला ये की, बा!"
भैरवीनं मान वर केली.
"हे," म्हणाली, "हे कुठल्या भाषेत धरू?"