इतर, तपशील लिहा

विम्याच्या फाइलमध्ये तो एकशे चौदा ओळींचा आहे.
पहिली ओळ स्कॅनची, शेवटची ऑक्सिजनची,
मधे केमोच्या सहा फेऱ्या,
प्रत्येकीला कोड, प्रत्येकीला रक्कम,
आणि राज्याच्या कर्करोग-नोंदीतून जोडून घेतलेली एक तारीख,
जिच्यानंतर ओळी नाहीत.
नावही नाही. आर्विड त्वेट हे नाव
संमतीपत्रावर सही करता करता लोर्नाने सांगितलं,
मॉन्टानाच्या पार उत्तरेला, तिच्या स्वयंपाकघरात,
बुटांचं खोकं माझ्यापुढे सरकवत.

खोक्यात वही. वहीत पेन्सिलीने:
बिलिंग्ज, जाऊन-येऊन चारशे वीस मैल. डिझेल.
बिलिंग्ज. डिझेल. मोटेल, कारण बर्फ.
बिलिंग्ज. डिझेल. सूप दोन, एक तसंच राहिलं.
पार्किंग.
पार्किंग.
शाळेच्या भटारखान्यातले तिचे बिनपगारी दिवस,
चार उभ्या काड्या, पाचवी आडवी,
दोन पानं.
मार्चात एकच ओळ: तीन कालवडी विकल्या, भाव पडलेला.

मी लॅपटॉपवर रकाने भरत गेले.
सात वर्षं याच खर्चाचे अंदाज बांधतेय,
मैलाला इतके सेंट, तासाला इतके डॉलर,
आणि परिषदेत कुणी विचारलंच, आकडे आणले कुठून,
तर म्हणायचं, गृहीत धरलेत.
गृहीत!
इथे डिझेल शेवटच्या सेंटपर्यंत लिहिलेलं होतं.

"आणि डेल हाउगेन?" लोर्ना म्हणाली.
शेजारी. अख्खा हिवाळा त्याने यांची गुरं राखली,
उणे तीसमध्ये, उजाडायच्या आत, गवताचे गठ्ठे टाकले,
पैसे पुढे केले तर टोपी घातली आणि चालता झाला.
"त्याचं काय लिहिणार?"
शून्य, मी म्हटलं. खर्च झालाच नाही ना.
खोट्या नाण्याकडे बघावं तसं
तिने माझ्याकडे पाहिलं.
मी शून्य पुसलं. रकाना रिकामा ठेवला,
आमच्या भाषेत ते आणखी वाईट.

खोक्याच्या तळाशी पावती.
कामाचे बूट, नंबर अकरा, एकशे एकोणनव्वद डॉलर.
तारीख शेवटच्या ओळीच्या सोळा दिवस आधीची.
"वसंतात कुंपण दुरुस्त करायचं म्हणून घेतले.
दुकानदार परत घेत होता, मीच नेले नाहीत.
हा आजाराचा खर्च का?"
दाराशी ते बूट होते,
नाड्या अजून कडक, कारखान्यात ओवल्या तशाच.

मला ठाऊक नव्हतं. अजूनही नाही.

प्रश्नावलीच्या आठव्या मसुद्यात
'इतर, तपशील लिहा' याच्यापुढची एक ओळ
मी पाऊण पान केली.
समिती विचारतेय, एवढ्या मोकळ्या जागेचं विश्लेषण करणार कोण.

डेल हाउगेनला पत्र टाकलं होतं,
किती तास लागले, अंदाजे तरी कळवा.
उत्तर नाही.
लोर्ना फोनवर म्हणाली, तो तास मोजत नाही गं,
गठ्ठे मोजतो.

बरं. मग गठ्ठे विचारते.