रद्द झालेली वेळ

साडेतीनला निरोप आला:
मंगळवारी मिसेस प्रॉसर येणार नाहीत,
मुलीकडे कार्डिफला गेल्यात, तिथेच दाखवतील.
म्हणजे स्कॅनच्या खोलीत
वीस मिनिटं मोकळी झाली.

साथीच्या आधी असली वेळ मी
सरळ पुसून टाकायचे, आणि चहा घ्यायचे.
आता तशी टाकवत नाही.
आई तव्यावर मनुकांचे केक भाजायची ना,
निवायच्या आत कुणाच्या तरी हातात पडायला हवेत,
तसं झालंय.

यादीत चारशे अकरा नावं.
बासष्ट दिवसांचा नियम भिंतीवर चिकटवलाय,
एका कोपऱ्याचा गोंद सुटलाय.

इडवल रीस. वय एकाहत्तर. निवृत्त पोस्टमन.
दिवस सत्त्याण्णव.
डॉक्टरांनी खाली लिहिलंय:
दोन हिवाळे खोकला. आधी आले नाहीत.
म्हणतात, तेव्हा तुमची केवढी धांदल होती.

हे वाक्य मी इतक्या फायलींत वाचलंय
की सगळ्या एकाच माणसाच्या वाटतात.
दारात उभं राहून आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या
आणि आत जाऊन
रुमालावरचं रक्त धुऊन टाकलं.

त्यांचा फोन लागत नाही.
दुसरा नंबर शेजारणीचा, ग्लेनिसचा.
"कबुतरांत असेल तो. थांबा, हाक मारते."
मग कुंपण, चिखल, पावलं,
खोऱ्यातला वारा थेट माझ्या कानात.

"मंगळवारी? माझ्याहून कुणी नडलेला असेल,
त्याला द्या की."

तीन वर्षं मी लोकांना थांबा म्हणत आलेय,
मऊ आवाजात, शिकवल्याप्रमाणे.
आज म्हटलं, "मिस्टर रीस,
पत्र ज्याच्या नावाचं त्याच्याच दारात टाकायचं,
हे मी तुम्हाला सांगायचं का?"

ते हसले. हसता हसता खोकला लागला.
तो संपेपर्यंत मी काहीच बोलले नाही.

मग बसचं निघालं, पहिली बस पोचते दहाला.
मागून ग्लेनिस ओरडली,
"मी नेते! गाडी चढ चढत नाही,
पण दवाखाना उताराला आहे."
परत कसे येणार, हे कुणी विचारलं नाही.

यादी चारशे दहा.
चारच्या टपालात नव्या सात चिठ्ठ्या.

"थोडं थांबाल का?" ते म्हणाले,
"शनिवारचं एक कबुतर अजून यायचंय,
आता काहीतरी दिसल्यासारखं वाटलं."
थांबले.
"नाही, कावळा होता. किती वाजता म्हणालात?"

नऊ चाळीस.

पेन नव्हतं. दाण्याच्या डब्यावर
खडू घासल्याचा आवाज आला.