वीस मीटर केबल

ॲबर्डीनची ही जुनी घरं ग्रॅनाइटची.
भिंत दीड हात जाड.
वारा आत येत नाही, समुद्राचा आवाज येत नाही,
वायफायही नाही.

खाली राउटर हिरवा डोळा मिचकावत बसलेला,
वर ओजसच्या खोलीत कन्सोल सांगतो:
नेटवर्क सापडलं. इंटरनेट सापडलं नाही.
मला कळतं ते.
इथे आलो त्या वर्षी माझंही असंच होतं.

बंद करून चालू केलं. तीस आकडे मोजले.
भोकात टाचणी खुपसली,
नवा पासवर्ड टाकला:
मेलेल्या मांजराचं नाव, पुढे पहिल्या घराचा नंबर.
कंपनीला फोन. पलीकडे ग्लासगोची बाई,
तिचं मला, माझं तिला,
दोघांचंही बफरिंग.

पडद्यावर आलं, नॅट टाइप : स्ट्रिक्ट.
'तुमच्यासारखा,' ओजस म्हणाला.
त्या दिवशीचं तेवढंच वाक्य.

शेवटी केबल आणली.
भाड्याचं घर, खिळा ठोकायचा नाही,
म्हणून चिकटपट्टी दातांनी तोडत
गुडघ्यांवर एकेक पायरी चढलो,
उंबऱ्यावरून आत.
चाललं.
'थँक्स,' तो पडद्याला म्हणाला.

आता त्याचं दार पुरतं लागत नाही.
बोटभर फट राहते.
रात्री भांडी विसळताना वरून येतं,
कुणा फर्गसला सांगतोय:
घाबरू नकोस रे, तू पळ,
मी आहे ना मागे.
आणि मग हसतो, मोठ्यांदा, फुटक्या आवाजात.
आवाज कधी फुटला याचा?

मी नळ बारीक करतो.