होळीपर्यंत

दिवाळीनंतर पाणी तोडायचं,
शितोळेकाकू म्हणाल्या होत्या
कॅक्टसची कुंडी हातात देताना.
थेंबही नाही. होळीपर्यंत.

जानेवारीत लष्करच्या गच्चीवरून
किल्लासुद्धा दिसत नाही धुक्यात;
आणि हा आक्रसून मुठीएवढा.
शेजारचा बंटी विचारतो, "मर गया क्या?"

तिसऱ्या वर्षी मी चोरून
अर्धी वाटी घातलीच.
बूड कुजलं.
चिमट्यानं पिल्लू सोडवलं, हळद लावली,
आठ दिवस वाळवून वाळूत ठेवलं.

नंतर मात्र हात बांधून बसले.

यंदा, लू सुटायच्या आधी,
काट्यांतून एक लोकरी गाठ.
मग काल रात्री वीज गेली
आणि अंधारात
हे एवढं पांढरं.

काकूंना फोन लावला.
सून म्हणाली, झोपल्यात. उठवू का?
उठवा, म्हटलं.
सकाळपर्यंत राहणार नाही.