पुठ्ठा

गाडीखाली रोज रात्री पुठ्ठा घालतो,
हापूसच्या जुन्या पेटीचा, उघडून सपाट केलेला.
सकाळी डागाभोवती पेनाने गोल, शेजारी तारीख.
देवगडच्या शिक्क्यावर सबंध जानेवारी पसरलाय.

कन्नमवार नगरातले आमचे सेक्रेटरी चौबळ
आधी लाद्यांकडे बघतात, मग माझ्याकडे.
"तुम्ही तर म्हणे पालिकेत गळतीच शोधता?"

होय. एकोणीस वर्षं.
रात्री दोनला, रस्ता गप्प झाला की
असल्फ्याच्या चढावर लोखंडी कांडी जमिनीला टेकवायची,
दुसरं टोक कानाला.
खाली पाणी कुजबुजत असतं.
मी खडूने फुली मारतो : इथे खणा.
दहातल्या आठ वेळा बरोबर.
पाणी उगवतं कुणाच्या तरी मोरीत,
नळ फुटलेला असतो गल्ली सोडून पलीकडे,
हे मी नव्या पोरांना शिकवतो.

आणि स्वतःच्या बुलेटखाली
उताणा पडून, बॅटरी दातांत धरून
थेंब लोंबतो तिथलाच नट आवळत होतो.

पॅकिंग बदललं. आधी कागदी, मग रबरी.
टॅपेट कव्हरचे बोल्ट.
ड्रेन प्लगचा तांब्याचा वायसर
गॅसवर लाल करून, पाण्यात विझवून, मऊ करून पुन्हा.
(बायको : "चहा ह्याच्यानंतर ठेवू का?")
गिअर शाफ्टचं ऑइल सील कुर्ल्याहून, ऐंशी रुपये.
डुप्लिकेट निघालं. मग एकशेनव्वदचं.
शेलॅक लावून चोवीस तास हात लावला नाही.
पंचविसाव्या तासाला पुठ्ठ्यावर
अकरा तारीख, रुपयाएवढी.

मग डिझेलने इंजिन धुतलं, कोरडं पुसलं,
घामोळ्यांची पावडर फासली सगळ्या अंगाला
आणि भांडुपपर्यंत जाऊन आलो.
सिग्नलला रिक्षावाला म्हणाला, "गाडीला कांजिण्या का?"
पावडरवर तीन ओल्या वाटा.
एक वरून, एक मागून,
एक कुठूनच नाही.

कालिन्याचे पास्कोल मेस्त्री गाडीला लगेच हात लावत नाहीत.
स्टुलावर बसून म्हणाले, चालू कर. रेस दे. बंद कर.
मग उठून ऑइल भरायचं झाकण फिरवलं.
फस्स.
सोड्याची बाटली उघडावी तसं.

"सील बदलून बदलून काय करशील?
आत हवा कोंडलीय. ती दार शोधते.
तू एक लावलंस की दुसरं उघडते,
जाताना तेलाला हाताला धरून नेते."

ब्रीदरचा पाइप काढला त्यांनी. चेनजवळ लोंबणारा,
बारा वर्षांत मी कधी न बघितलेला.
तोंड लावून फुंकला. गाल फुगले, पलीकडे काही गेलं नाही.
सायकलच्या स्पोकने टोकरलं
तेव्हा माझ्या तळहातावर माती पडली.
चाळल्यासारखी बारीक, लालसर,
कुणीतरी थुंकीने मळलेली.
आत दोन सुकलेल्या हिरव्या अळ्या,
येणाऱ्या पोरासाठी शिदोरी म्हणून ठेवलेल्या.

कुंभारीण माशी.
दिवाळीनंतर माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं,
गाडी सहा आठवडे हलली नव्हती.
तिला वाटलं, जागा रिकामी आहे.

मेस्त्री म्हणाले, मातीचे कसले पैसे?
मग नव्या क्लिपचे वीस घेतले.

काल पुठ्ठा उलटा घातला, कोऱ्या बाजूने.
सकाळी एक ठिपका, मोहरीएवढा.
आधीचं साचलेलं असेल.
गोल काढला तरीही. तारीख घातली.

पाइपच्या तोंडाला चहाच्या गाळणीची जाळी बांधत होतो,
चौबळ गॅलरीतून बघत होते,
तेवढ्यात ती आली. सुतासारखी कंबर,
पुढच्या पायांत चिखलाची गोळी.
जाळीवर बसली.
मिशा टेकवून एक भोक तपासलं, मग दुसरं,
थांबून, ऐकल्यासारखं,
मग तिसरं.

मी हात तसाच धरून ठेवला.

उडाली आणि चौबळांच्या स्कूटरकडे गेली,
किल्लीच्या भोकाशी.