पाठीवरची फुली

आमच्या शहराचं नाव वूच. म्हणजे होडी.
समुद्र इथून तीनशे किलोमीटर.
पाहुणे हसतात यावर, आम्ही नाही हसत.

दर मंगळवारी, गिरणीच्या फाटकाशी
जिथे पूर्वी पहारेकरी बसे त्या खोलीत
मी कपडे उसने देते,
ज्यांची नोकरीसाठी मुलाखत आहे त्यांना.
पैसे नाहीत. परत आणताना खिसे तेवढे रिकामे करा.

पुरुषांचे बारा सूट आहेत,
त्यातले चार तरी गेलेल्यांचे.
बायका आणून देतात, घडी हातावर घेऊन,
आणि माप भूतकाळात सांगतात:
बावन्न नंबर होता तो.

मी टाचण्या ओठांत धरून बोलते, म्हणून थोडंच बोलते.
कफ बाहीबाहेर बोटभर दिसू दे.
विजार बुटावर एकदाच मोडू दे, दोनदा नको.
अत्तर नको, खोली लहान असते त्यांची.
बुटांचं मला काही करता येत नाही.
व्येस्वाव आला तो पांढऱ्या रंगाचे थेंब उडालेल्या बुटांत,
भिंती रंगवायचा म्हणे, तुरुंगात जायच्या आधी आणि तुरुंगातही.
काळा मार्कर दिला त्याला.
जिभल्या दातांत धरून थेंब थेंब झाकत बसला,
शाळकरी पोरासारखा.

माझीही झाली होती मुलाखत, चौऱ्याहत्तर साली.
बहिणीचा निळा फ्रॉक, रात्रभर गादीखाली दाबून ठेवलेला.
मुकादमानं फ्रॉककडे पाहिलंच नाही.
हात उलटे कर, म्हणाला. सुलटे कर.
तुटलेला धागा पुढे केला: बांध.
शिंक येऊन जावी इतक्या वेळात बांधली गाठ,
आणि एकतीस वर्षं तिसऱ्या मजल्यावर बांधतच राहिले.

तिसऱ्या मजल्यावरच जायचं होतं कालिनाला.
आता तिथे संगणक आहेत.
विटा किती सुंदर उघड्या ठेवल्यात, ती म्हणाली.
आम्ही दर वसंतात त्या चुन्यानं झाकायचो,
हे मी म्हटलं नाही. टाचण्या होत्या तोंडात.

राखाडी कोट निवडला तिनं, कोरा, कुणी कधी न घातलेला.
आरशात पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं, खूश झाली.
वळली तेव्हा मला दिसली
मागच्या चिरेवर दुकानातून आलेली फुली,
पांढऱ्या दोऱ्याचे दोन कच्चे टाके.
थांब, म्हटलं. कात्रीचं टोक घातलं, उसवली.
समोरून तुला तू सांभाळशील.
दार उघडून निघतेस तेव्हा
ते पाठच बघत असतात, आणि तुला ते कळत नाही.

गुरुवारीच परत आली, कोट हँगरवर, वर प्लास्टिक.
सगळे टोपीच्या बनियनांत होते, म्हणाली,
एक तर अर्ध्या चड्डीत, नोव्हेंबरात,
आणि टेबलाखाली कुत्रा.
मी अशी, जशी दुसऱ्याच कुणाच्या लग्नात शिरले.
मग काढलास का कोट?
नाही. आतला ब्लाउज इस्त्रीचा नव्हता.
दोघी हसलो, ती जास्त.

जमिनीला भोकं आहेत हो तिथे, ती म्हणाली,
काचेसारखं काहीतरी ओतून बुजवलेली.
मी विचारलं त्यांना कसली. कुणालाच माहीत नाही.
मागांच्या बोल्टांची, मी म्हटलं.
एका मागाला चार.
तिनं मान हलवली, ट्रामची वेळ झाली होती.

निकालाचं अजून काही कळलं नाही.
कोट मी खिडकीशी नेला, उजेडात झटकायला.
उजव्या बाहीवर कुत्र्याचे केस, आखूड, तांबूस,
फक्त मनगटापाशी.
म्हणजे बोलता बोलता तिनं हात खाली सोडला असणार,
टेबलाखाली, त्यांना न दिसेलसा.

ब्रश हातात घेतला होता.
ठेवला. आधी चहा केला.