मरीआई गेट

दर शुक्रवारी कासारवाडीत
पंक्चरच्या दुकानाशेजारचा लोखंडी जिना चढून मी वर जातो.
खाली टायरमधली हवा जाते, वर माणसांत आत्मा भरतो.
हे मोठ्यानं म्हटलं तर लेक रागावते.

इथं अन्य भाषांचं वरदान सगळ्यांना मिळालंय.
गॅस एजन्सीतल्या योएलला, त्याच्या बायकोला
सातव्या महिन्यात,
आणि ब्लेसीला. नववीत आहे, संस्कृतात नापास.
ती बोलायला लागली की वाटतं
घंगाळात कुणी मूठमूठ खडे टाकतंय.
मलाच नाही.
पास्टर रणनवरे डोक्यावर तळवा ठेवतात,
म्हणतात, "ओहोळकाका, जीभ सैल सोडा."

एकतीस वर्षं पीएमटीत कंडक्टर होतो.
जीभ सैल सोडली ती तेवढीच.

आमच्या जुन्या चर्चमध्ये हे नव्हतं.
तिथं देव पान नंबर सांगून यायचा
आणि बाराच्या आत परत जायचा.
रूथ गेली तेव्हाही पान नंबर होता.
मी उभा राहिलो, बसलो, आमेन म्हणालो.
आत काही हललं नाही,
डेपोत रात्री लावलेली गाडी जशी.

परवा प्रार्थना रंगात आली आणि लाइट गेली.
कीबोर्ड गप्प झाला. पंखा दोन फेऱ्या मारून थांबला.
अंधारात सगळ्यांचे हात वर,
दांड्याला लटकल्यासारखे.
इतके उभे प्रवासी मी किती वर्षांत पाहिले नव्हते.
आणि तोंड उघडलं. मी नाही उघडलं.

बोपोडी दापोडी
फुगेवाडी कासारवाडी
नाशिक फाटा वल्लभनगर
जकात नाका (तो आता नाही, तरी आला)
पुढं सरका पुढं सरका
मग उलट
कासारवाडी फुगेवाडी
दापोडी बोपोडी
मरीआई गेट

योएलनं अंधारातही एक डोळा उघडला असणार.
हालेलुयाच्या मधोमध मरीआई!
पण मला थांबता येईना. मरीआई गेट, मरीआई गेट,
लहान मुलाला हाक मारावी तसं,
घसा फाटेस्तोवर.

रूथ तिथं चढायची. नर्सच्या पांढऱ्या साडीवर
मरून स्वेटर, पहाटे पाच पन्नासची गाडी.
तिचं तिकीट मी दोन महिने खिशातून फाडलं,
तिसऱ्या महिन्यात तिनं विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

सगळे शांत झाले. आता कुणीतरी अर्थ सांगावा
असा नियम आहे.
कुणी पुढं होईना.
तेव्हा मागून, स्टोव्हपाशी बसलेल्या
रत्नमालाबाई भिंगारदिवे बोलल्या,
ज्यांनी सात वर्षांत एक साक्ष दिली नाही,
फक्त चहा दिला:
"तो म्हणतोय, एक बाई उतरायची राहिलीय.
गाडी थांबवा. तिला सावकाश उतरू द्या."

माझा हात वरच होता.
बोटांनी अंधारात दोरी शोधली
आणि ओढली. एकदा.
दोनदा ओढायला फार वेळ लागला.

लाइट आल्यावर पास्टर म्हणाले, ह्यावर विचार करावा लागेल,
गावांची नावं भाषेत धरतात का, बघू.
ब्लेसी म्हणाली, "काकांच्यात आत्मा नाही, बस भरली."
लोक हसले, मीही हसलो, बशीत चहा सांडला.
रत्नमालाबाई कधी माझ्या गाडीत बसल्या होत्या का,
हे मी विचारलं नाही. विचारणारही नाही.

जिना उतरताना लेक म्हणाली,
"बाबा, मिळालं ना?"
काय सांगणार?
सुट्टे नसले की आम्ही तिकिटामागं आकडा लिहायचो,
म्हणायचो, उरलेले उतरताना घ्या.
तसं काहीतरी मला लिहून मिळालंय.
अक्षर लागत नाही.